कापसाची वात

वामनराव वैद्यांनी बोंडातून कापसाचा पुंजका ओढला आणि दोन बोटांत पिळून त्याचं टोक बारीक केलं.

“डोळे मीट,” ते म्हणाले. “अंगाला लागलं, की सांग.”

शकुननं डोळे मिटले. तिचा डावा हात नवऱ्यानं, शालिकरामनं, पाटावर धरून ठेवला होता. कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. सासू दुर्गाबाई आत आलीच नव्हती. ती ओसरीवर नाकाला पदर लावून बसली होती. दिवाळीपासून शकुनचं ताट वेगळं होतं, निजणं गोठ्यात. यंदा कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तशी शालिकरामसाठी तिवशाहून सोयरीकही आली. चट्टा महारोगाचा निघाला, की शकुनला गावाबाहेर खोपटं बांधून द्यायचं, असं दुर्गाबाईनं ठरवून टाकलं होतं.

वैद्यांनी वात आधी दंडावर टेकवली.

“लागलं.”

मग मनगटावर.

“लागलं.”

मग चट्ट्यावर. शकुन गप्प होती. वैद्यांनी वात उचलून पुन्हा तिथंच टेकवली. 

“लागलं,” ती घाईनं म्हणाली.

बाहेरून कापसाच्या गाड्या बडनेऱ्याच्या ठेसनाकडे चालल्या होत्या. खडखडाट ओसरेपर्यंत वैद्य थांबले. मग त्यांनी वात हाताच्या वर, नुसती हवेत धरली.

“लागलं,” शकुन म्हणाली. जरा वेळानं, “आताबी लागलं.”

वैद्यांनी शालिकरामकडे पाहिलं. तो त्या वातीकडे बघत होता. बायकोचा हात त्यानं सोडला नाही.

“पाहिलंत?”

“लागलं म्हन्ते ना ते,” शालिकराम म्हणाला. “औषध द्या, वैदबुवा.”

शकुननं डोळे उघडले. वात अजून अधांतरीच होती. तिनं मान खाली घातली.

वैद्यांनी महारोगावरच्या कडू कवठीच्या तेलाची बुधली काढून दिली. “रोज चोळा. अजून पसरलं नाही, पण जपावं लागेल. तिथं चटका बसला तरी हिला कळायचं नाही.” मग ओसरीकडे नजर टाकून ते म्हणाले, “तुमच्या आईला काय सांगू?”

“तुमी नका सांगू. मी सांगतो.”

बाहेर दुर्गाबाई उठून उभी राहिली.

“काय म्हन्ते वैद?”

“शिबं हायेत, महारोग नाई,” शालिकराम म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

त्या संध्याकाळी शकुन दिवाळीनंतर पहिल्यांदा परातीपाशी बसून भाकरी थापू लागली. शालिकराम चुलीसमोर उकिडवा बसला आणि तिनं थापलेली भाकरी त्यानं तव्यावर टाकली.

“तू कावून चुलीपाशी बसून राहिला रे?” दुर्गाबाईनं दारातून विचारलं. “तिले हात नाई का?”

“शिबं धगीनं वाढतात म्हने.”

दुर्गाबाईनं दोघांकडे पाहिलं आणि ती अंगणात निघून गेली.

भाकरी उलटताना शालिकरामची बोटं पोळली. त्यानं हात झटकला. शकुननं पाण्याचा गडू त्याच्याकडे सरकवला. त्यानं बोटं बुडवली, धोतराला पुसली आणि पुढची भाकरी मागितली.