एका रिमोटवर दोन हात

काळूरामला उशांना टेकवून बसवायचं काम कृष्णाबाईचं. एक हात त्याच्या काखेखाली, एक कमरेमागे, गुडघा पलंगाच्या कडेला, आणि ‘हां, आता’ म्हणून एका दमात वर. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिनेच लागू दिला नव्हता.

तो नीट बसला की ती त्याच्या गेलेल्या बाजूला टेकायची, पदराआडून जांघेशी हात दाबून थोडा वेळ श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, "खुशे, लाव तुझी मारामारी."

खुशी तिची नात, आठवीतली. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा खुशीच्या बापाचा, मितेशचा, त्याच्या लग्नाआधीचा. व्यायाम शिकवायला येणारी मर्सी एकदा म्हणाली, "आजोबांचा डावा हात आणि डोकं दोन्ही कामाला लावा हो. नुसते छताकडे बघत असतात." तेव्हा खुशीने तो डबा माळ्यावरून काढला. पण त्याचा रिमोट दोन हातांचा आणि काळूरामला हात एकच. शेवटी खुशीनेच तोड काढली. रिमोट दोघांमधल्या उशीवर ठेवायचा, डावा अर्धा आजोबांचा, उजवा अर्धा आजीचा.

डावीकडे अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. ती पुढे ढकलली की आपला गडी पुढे जातो, मागे ओढली की हात आडवे धरून मार अडवतो. त्याच बाजूला वर, पहिल्या बोटाखाली एक बटण. ते दाबलं की रिंगणातला गडी बाहेर जातो आणि आपला दुसरा आत उडी घेतो; खुशी त्याला टॅग म्हणायची. उजवीकडे चार बटणं. हलका ठोसा, भारी ठोसा, लाथ, आणि चौथ्याने समोरच्याला हवेत उडवायचं. म्हणजे चालायचं, अडवायचं, गडी बदलायचा तो काळूरामने. मारायचं कृष्णाबाईने.

"घरात दुसरं काय चाललंय इतकी वर्षं?" मितेश म्हणाला होता. "बाबांनी मागं सरायचं, आईनं हाणायचं."

गडी तीन घ्यायचे असत, आणि ते एका गोष्टीतले नव्हते. कुणी एका खेळातला, कुणी दुसऱ्याच कुठल्या देशातल्या खेळातला. खुशीने हे समजावून सांगितलं तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "म्हंजे लग्नाचा मांडव. कोन कुनाला वळकीत नाय, आनि जेवनाआधीच मारामारी." काळूराम डाव्या बाजूने हसला. त्याच्या तोंडून आता तीनच शब्द यायचे, ‘हां’, ‘नाय’ आणि ‘किस्ना’. हसू मात्र पहिल्यासारखंच होतं, फक्त अर्धं.

त्यांचे तीन गडी ठरलेले. लाल दाढीचा एक पहिलवान, छत्रीने मारणारी एक पोरगी आणि लोखंडाचा एक मोठा खेकडा. कृष्णाबाई त्यांना दाढी, छत्री आणि चिंबोरा म्हणायची. तिचा जीव दाढीवर. तो हळू चालायचा, पण त्याचा फटका बसला की समोरचा उठायचा नाही.

महिनाभरात दोघं खुशीला हरवायला लागली. खुशीचा विश्वास बसेना. एक माणूस मारतोय, एक चालवतोय, आणि मधे शब्द नाही, हे जमतं कसं? कृष्णाबाईला त्यात नवल वाटलं नाही. जूचंद्र गावात खाडीच्या अंगाला, जिथे आता सात मजली इमारती आहेत, तिथे काळूरामच्या वाटणीचा तुकडा होता. भात निघालं की त्यात मुळा, वांगी, वाल. पाणी शेजारच्या डबक्यातलं. पत्र्याच्या डब्याला दोन्हीकडून दोर बांधायचे, दोघांनी समोरासमोर उभं राहून डबा झुलवायचा, खाली बुडवायचा, वर आणून वाफ्यात उलटा करायचा. सकाळी चारशे, संध्याकाळी चारशे. तोंडाने मोजायचं नाही, मोजलं की दम जातो. समोरच्याचा खांदा बघायचा, बस.

लग्नानंतर पहिल्याच दिवशी डास चावला म्हणून तिने मधेच दोर सोडला होता, आणि काळूराम तोंडावर डबक्यात पडला होता. सोळा वर्षांची होती ती. सासू मरेपर्यंत येईल त्याला सांगायची, "हिच्या हातात दोर देऊ नका, नवऱ्याला बुडवील." लोक हसायचे. कृष्णाबाईही हसायची. पण त्यानंतर तिने कधी दोर सोडला नाही. मितेश पोटात असतानाही नाही.

खेळात मात्र तिचं एका गोष्टीवरून काळूरामशी वाजायचं. मार बसला की गड्याची जिवाची पट्टी कमी व्हायची, पण सगळी एकदम जायची नाही. काही भाग लाल होऊन राहायचा. त्याला वेळेवर बाहेर काढलं, तर दुसरा लढत असताना तो लाल भाग हळूहळू भरून यायचा. तसंच आत ठेवलं, तर पुढच्या फटक्याला लालही जायचं, आणि ते गेलं की गेलं.

"आजी, लाल बघ ना! आजोबा, टॅग!" खुशी ओरडायची. समोरून खेळत असली तरी.

"राहू दे. अजून उभा हाय ना तो?" कृष्णाबाई म्हणायची. पण बदलायचं बटण तिच्या बाजूला नव्हतंच. काळूरामचं बोट हलायचं, दाढी बाहेर जायचा, छत्रीवाली आत यायची, आणि कृष्णाबाईचा अंगठा दाढीच्या हिशेबाने पडलेला असल्यामुळे वाया जायचा.

"अवो, जिंकत होतो ना आपन! कशाला काढलात त्याला?"

"नाय," काळूराम म्हणायचा.

जांघेतली गाठ तिने सहा महिने लपवली. त्याला उचलताना ती सुपारीएवढी बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. मर्सीने एकदा पाहिलं आणि तिथल्या तिथे रचनाला, म्हणजे कृष्णाबाईच्या सुनेला, हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. ऑपरेशन करा, आणि नंतर दोन महिने काही उचलू नका. तीन तारखा मिळाल्या. पहिलीला कृष्णाबाईला ताप होता, निदान ती तसं म्हणाली. दुसरीला भाचीची हळद. तिसरीला तिने कारणच दिलं नाही. चौथी तारीख येत्या बुधवारची होती.

"आई, मी पंधरा दिवस सुट्टी टाकलीय," शनिवारी रचना म्हणाली. ती वसईला एका औषधांच्या दुकानात नोकरीला होती. "पुन्हा मिळायची नाही."

"कुनी सांगितलं होतं टाकायला?"

"डॉक्टरांनी. मर्सीनं. तुमच्या लेकानं. आणखी कोण हवंय?"

"ते जेवनार नाय तुझ्या हातानं."

"उपाशी राहतील का मग?"

"राहिले होते," कृष्णाबाई म्हणाली.

ते खरं होतं. गेल्या वर्षी भावाच्या मयताला ती सोपाऱ्याला गेली होती, एका दिवसापुरती. रचनाने भात कालवून चमचा पुढे केला, काळूरामने ओठ मिटले. दुपारीही मिटले. संध्याकाळी कृष्णाबाई परतली तेव्हा तो दाराकडे तोंड करून पडला होता, ओल्या चादरीवर. कपडे बदलू द्यायलाही तयार नव्हता. तिने हात लावला तसा तो रडला. त्या दिवसानंतर ती बाजारालासुद्धा घाईने जायची.

"एका दिवसात माणूस सवय करतो का आई?" रचना म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "तुम्ही सवय होऊच दिली नाहीत. मी हात लावला की तुम्ही मागून म्हणता, अशी नाय, अशी नाय. मग ते तोंड मिटतात."

पुढच्या महिन्याची तारीख मागायची, एवढं कृष्णाबाईच्या मनात पक्कं होतं.

रविवारी दुपारी काळूरामचा पुतण्या चिराग आला. तो या खेळात मुरलेला, घरबसल्या परदेशातल्या पोरांशी खेळायचा. "काका-काकींनी खुशीला रडवलं म्हणे," तो बूट काढता काढता म्हणाला. "चला, बघू."

"रडले नव्हते मी!" खुशी म्हणाली.

पलंगाभोवती सगळी जमली. मितेश खिडकीत, खुशी जमिनीवर, रचना स्वयंपाकघराच्या दारात, हाताला भाकरीचं पीठ. कृष्णाबाईने सकाळपासून काळूरामला चार वेळा उचललं होतं. एकदा आंघोळीला, एकदा चादर बदलायला, दोनदा उगाच, तो घसरला म्हणून. गाठ बाहेर होती आणि नेहमीसारखी आत जात नव्हती. तिने पदर घट्ट खोचला आणि अंगठा बटणावर ठेवला.

पहिला डाव चिरागने सहज घेतला. दुसऱ्यात काळूरामने दाढीला नुसतं मागे मागे नेलं, चिरागचे फटके अडवत. चिराग कंटाळून उडी मारून आला, तसा काळूराम एक पाऊल पुढे सरकला आणि कृष्णाबाईने त्याला हवेतच घेतलं. ठोसा, ठोसा, लाथ. चिरागचा गडी भिंतीला जाऊन आदळला.

"आईशपथ, काकी!"

"बोलू नको, खेळ."

तिसऱ्या डावात दाढीची पट्टी अर्ध्याहून जास्त लाल झाली. चिरागचा एकच गडी उरला होता, तोही अर्धमेला. आणखी दोन फटके, की झालं. कृष्णाबाईला ते दिसत होतं. त्याच वेळी पोटातून एक कळ आली, अशी की डोळ्यांपुढे टीव्ही पांढरा झाला. तिने दात आवळले. अंगठा थांबला नाही. ठोसा. ठोसा. कपाळावरून घाम डोळ्यात उतरला.

दाढी नुसता उभा राहून मार खात होता. पुढे जात नव्हता, मागे येत नव्हता, अडवत नव्हता.

"अवो, चालवा ना!"

तिने मान वळवली. काळूरामचा हात दांडीवर नव्हता. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याने डावा हात अंगावरून ओढत पलीकडे आणला, तिचं मनगट धरलं, तिचा हात रिमोटवरून उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर दाढी पडला. छत्रीवाली आपोआप आत आली आणि तीही मार खाऊ लागली.

"काय करता? हरलो ना!"

काळूरामने हनुवटी उचलून दाराकडे केली. कुणालाच कळलं नाही. मग त्याने उशीच्या उजव्या बाजूला, जिथे कृष्णाबाई बसली होती तिथे, हात आपटला आणि पुन्हा हनुवटी रचनाकडे केली.

"मी?" रचना म्हणाली.

"हां."

"बाबा, मला त्यातलं ओ की ठो येत नाही."

"हां," तो ओरडला, आणि कृष्णाबाईकडे बघून म्हणाला, "किस्ना. नाय."

चिरागने खेळ थांबवला. कृष्णाबाईला आधी राग आला. एवढ्या सगळ्यांसमोर आपल्याला उठवलं. चिखलात पाय रोवून उभी राहिलेली बाई मी, आणि मला ऊठ म्हणतो. पण उठताना तिला सरळ होता येईना. मितेशने धरलं तेव्हा तिचं अंग थंड लागलं. रचनाने पिठाचे हात पदराला पुसले आणि ती सासूच्या जागी बसली. काळूरामने आपला अंगठा दांडीवर ठेवला.

चिंबोरा आत आला आणि रचनाने भलतंच बटण दाबून त्याला जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. चिराग हसला, खुशी ओरडली, "आई, अगं वरचं नाही, बाजूचं!" ती दोघं हरली. पुन्हा लावा, असं काळूरामने डोळ्यांनी सांगितलं.

मितेशने आईला थांबू दिलं नाही. रिक्षा बोलावली, बुधवारची वाट न बघता. जाण्याआधी दारात उभी राहून कृष्णाबाई सांगत राहिली. भात मऊ, पण पातळ नाही. सुकट घातलीस तर काटे बघ. पाणी चमच्याने, डाव्या गालातून. कुशीवर करशील तेव्हा आधी गुडघा मोड. रचना प्रत्येकाला "हो आई" म्हणत होती आणि कृष्णाबाईला दिसत होतं की यातलं निम्मं तिला आधीपासून ठाऊक आहे.

ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. आतडं अडकलेलं होतं, पण काळं पडलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खुशीचा फोन आला. "आजी, आजोबा काल दिवसभर जेवले नव्हते. आम्ही तुला सांगितलंच नाही."

कृष्णाबाई उठू बघत होती. टाक्यांनी तिला खाली ओढलं. "आनि आज?"

"आज सकाळी आईनं चमचा धरला, त्यांनी तोंड मिटलं. ती म्हणाली, बरं, आणि तिथंच बसून राहिली. एक तास! काही बोललीच नाही. मग त्यांनीच तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. थोडं थुंकलं. गेममध्ये रोज हरतात दोघं, आई नुसती काहीही दाबते. तू सांग ना तिला, कधी उडवायचं ते."

कृष्णाबाईच्या ओठांवर आलं होतं, समोरचा पाय उचलतो ना, तेव्हा. "राहू दे," ती म्हणाली. "तुझ्या आजोबांना दे फोन."

फोन त्याच्या कानाशी गेला. त्याचा श्वास ऐकू येत होता, जड, ओळखीचा.

"जेवलात ना?"

"हां."

"मी येऊ का घरी? डॉक्टरला सांगते, उद्या सोडा म्हनून."

पलीकडे, त्याच्या मागे, रचना कुणाला तरी सांगत होती, गुडघा आधी, गुडघा.

"नाय," काळूराम म्हणाला.

तिने फोन छातीवर ठेवला. डोळे भरून आले, पण कशाने ते बघायची ताकद तिच्यात नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "घरचं सगळं ठीक ना हो?" त्याचं उत्तर द्यायच्या आधीच कृष्णाबाईला झोप लागली, भर दुपारी.