वेंडेलनं लपवलेलं नर झाड

डोंगरातल्या त्या वस्तीत एक रीत होती. कुणी गांजाचं नर झाड मुद्दाम वाढवत असेल, तर त्यानं शेजाऱ्यांना आधी सांगायचं. नराचा पराग वाऱ्यावर कुठल्या कुठे जातो आणि मादीला लागला की तिचा फुलोरा बियांनी भरतो. औषध म्हणून मग त्यात दम राहत नाही. वेंडेल हॅस्किनला हे पाठ होतं. नव्यानं राहायला आलेल्यांना तोच ते समजावून सांगायचा.

तरी त्या वर्षी त्यानं कुणाला सांगितलं नाही.

लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून त्याला हा एकच नाद होता. दरवर्षी रोपं लावायची, धुक्यातही ज्यांना बुरशी लागत नाही आणि ज्यांचा वास मनात भरतो तेवढी ठेवायची, बाकीची उपटून टाकायची. यंदा मनासारखा नर हाती लागला होता. देठ जांभळे, जवळजवळ काळे. पान चोळलं की पिकलेल्या जर्दाळूचा वास आणि मागून रॉकेलसारखा झणका. घरामागच्या आपल्या लाडक्या मादीशी त्याला याचा संकर करायचा होता. बोभाटा झाला की लोक पराग मागायला येणार, आणि तेच त्याला नको होतं. कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात, खिडकीला प्लास्टिक ठोकून त्यानं तो नर ठेवला.

एका दुपारी पराग गोळा करताना आत जीव गुदमरला, म्हणून त्यानं प्लास्टिक सोडवलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बोलून परतला तर वारा सुटलेला, आणि झाडाखालच्या कागदावरची पिवळी पूड बरीचशी उडालेली. उरलेला पराग तरी मरावा म्हणून त्यानं घाईघाईनं पाणी मारलं. मग नजर उताराकडे गेली. खाली आराचेलीची बाग होती.

आराचेलीच्या नवऱ्याची, रुबेनची, कंबर गिरणीत कायमची गेली होती. बागेतल्या गांजाच्या चार-सहा झाडांचं तेल काढून ती त्याला चोळायची. त्या उन्हाळ्यात झाडांची राखण तिच्या दिराकडे, नेतोकडे होती. पोरगा मन लावून शिकत होता. वेंडेलला येता-जाता प्रश्न विचारायचा.

शरद ऋतूत फुलोरा फोडला तर आत बियाच बिया. त्या रविवारी वेंडेल नेहमीसारखा त्यांच्याकडे जेवायला होता.

"एकच काम सांगितलं होतं तुला," आराचेली पोसोलेचा, मका-मांसाचा रस्सा वाढता वाढता कडाडली. "नर दिसला की उपट!"

"वहिनी, आईची शपथ, रोज एकेक झाड तपासत होतो. सगळ्या माद्याच होत्या."

"मग बिया काय देवदूत टाकून गेले? आता तुम्हीच सांगा याला, डॉन वेंडेल," ती अदबीनं त्याच्याकडे वळली.

वेंडेलचा चमचा हवेतच राहिला. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. "नवख्याच्या नजरेतून सुटतो एखादा," तो म्हणाला. "होतं असं."

नेतोनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वस्तीत त्याला सगळे 'बियाणेवाला' म्हणून चिडवायला लागले. थोड्याच दिवसांत तो खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यावर कामाला निघून गेला.

हिवाळ्यात रुबेनचं कण्हणं वरपर्यंत ऐकू यायचं. वेंडेलनं आपल्याकडचं तेल नेऊन दिलं, तर आराचेलीचे डोळे भरून आले. नाताळात तिनं मक्याच्या पानात वाफवलेले टोपलीभर तामालेस पाठवले. टोपली त्यानं न उघडताच बाजूला ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या संकराची रोपं त्यानं अंगणात मांडली. आराचेली आली तेव्हा राहवेना, पान चोळून तिच्या नाकाशी धरलं. "असा वास कुठे मिळायचा नाही तुला!"

तिनं ते पान पुन्हा एकदा हुंगलं आणि घराकडे वळली. दोन दिवसांनी तिनं त्याला खाली बोलावलं. गेल्या वर्षीच्या बिया टाकवेनात म्हणून तिनं पेरल्या होत्या. कुंड्यांतून जांभळ्या देठांची रोपं उभी होती. तिनं पान चोळलं आणि हात त्याच्यापुढे केला.

"काय वास येतोय?"

"जर्दाळू," वेंडेल कसाबसा म्हणाला.

"पराग उडाला, त्याचं मला काही नाही. वाऱ्याला कोण अडवणार? पण माझ्या घरी जेवताना, पोरगा शपथा घेत असताना, तुम्ही म्हणालात, 'होतं असं'."

दुसऱ्या दिवशी वेंडेल गाडी घेऊन मळ्यावर गेला. नेतो वेलींच्या सावलीत डबा खात होता. वेंडेलनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

नेतोनं हातातला घास डब्यात ठेवला. "मुकादम मला कलमासाठी चांगल्या वेलींच्या काड्या निवडायच्या कामावर घेणार होता," तो म्हणाला. "मी नको म्हटलं. म्हटलं, आपल्या नजरेतच खोट आहे."

"नजर चांगली आहे तुझी. मी सांगतो मुकादमाला."

"तुम्ही नका सांगू. वहिनीला सांगितलंत का?"

"तिनंच मला सांगितलं."

"म्हणजे तिनं ओळखलं नसतं, तर तुम्ही आला नसतात."

नेतोनं डब्याचं झाकण लावलं, टोपी चढवली आणि वेलींच्या रांगेत शिरला.

संध्याकाळी वस्तीच्या दुकानात वेंडेलनं चारचौघांत सगळं सांगून टाकलं. "अरे, एवढंच ना!" म्हणत लोक हसले, कुणी त्याच्या पाठीवर थापही मारली. कुणीतरी शिवी घालेल म्हणून तो वाट बघत उभा राहिला. मग मान खाली घालून बाहेर पडला.