बुधाजीची दुसरी मागणी

गरिबांसाठी सरकारनं नेमलेल्या वकिलाच्या वाट्याला कौतुक कमीच येतं, म्हणून आलं की तो ते मिरवून घेतो. हेमचंद्रही मिरवत होते. आयुष्यभर कामगारांच्या नोकरीची आणि नागरी हक्कांची प्रकरणं लढवली, आणि निवृत्तीच्या तोंडावर बुधाजीचं प्रकरण जिंकलं.

बुधाजी अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला. कॅन्टीनमध्ये जातीवरून त्याला वेगळं बसवायचे. त्यानं तक्रार केली, तर कामावरूनच काढला. त्याच्या अर्जात दोन मागण्या होत्या. मला परत कामावर घ्या. आणि सगळ्यांनी एकदा तरी माझ्याबरोबर एका टेबलावर जेवा.

"ही दुसरी काढून टाकू," हेमचंद्र म्हणाले. "याच्याबरोबर जेवा, असा हुकूम कुठलं कोर्ट देणार? हसं होईल."

"पण साहेब, भांडण त्याच्यावरूनच झालंय ना?"

"माझ्यावर सोड."

बुधाजीनं सोडलं. निकाल लागला, नोकरी परत मिळाली, हेमचंद्रांनी ऑफिसात पेढे वाटले. आणि महिनाभरात कारखान्यातून फोन आला, तुमचा माणूस राजीनामा देऊन गेला. हेमचंद्रांचा तिळपापड झाला. एवढी उरस्फोड केली ती कशासाठी?

त्याच्या नव्या कामाचा पत्ता काढून, तडक शेअर रिक्षा पकडून ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेले. जीन्सच्या एका कारखान्यात बुधाजी पँटींचे धागे कापायला लागला होता. जेवणाची सुट्टी होती. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये पाचसहा जण डबे उघडून बसले होते.

"वेड लागलंय का तुला? पर्मनंट नोकरी सोडून हे? त्यांनी परत त्रास दिला का? सांग, पुन्हा कोर्टात खेचतो."

"त्रास कसला, साहेब. मी बसलो की टेबल रिकामा. कोन काय बोलायचंच नाय." बुधाजी हसला. "हितं बघा, माझी सुकट मला मिळायच्या आधी संपते."

शेजारचा तोंडात घास घेऊन हसला. हेमचंद्रांना मात्र कसंनुसं झालं. हुकूम निघाला नसता हे खरं, पण मालकाला, युनियनला बोलावून चार शब्द तरी सांगता आले असते. ते त्यांनी करून पाहिलंच नाही. हसं होण्याची भीती बुधाजीला नव्हती, त्यांना होती.

बुधाजीनं डबा पुढे सरकवला. "घ्या साहेब, एक घास. आता तर केसपन संपली."

"नको नको, माझं झालंय."

बोलून गेले. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण तक्रारदाराकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांनी नोकरीभर पाळलेला नेम. जीभ सवयीनं वळली. बुधाजीला तो नेम काय ठाऊक? हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला होता. सगळ्यांचे हात थांबले.

"अरे, म्हणजे, दे ना," हेमचंद्रांनी घाईघाईनं हात पुढे केला.

"राहू द्या साहेब. मन मारून नका खाऊ."

त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. तो उठून बाहेर गेला आणि पाहुण्यासाठी दुकानातून पाण्याची सीलबंद बाटली घेऊन आला.