सात नंबरचा आकडा

त्या कार्यगटात माणसं नऊ आणि मतं नव्वद. साठवणीच्या धान्यात ओलावा किती, हे कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलं तरी एकच उत्तर यावं, अशी रीत ठरवायची हे त्यांचं काम. ऐकणाऱ्याला जांभई येईल असंच ते होतं. पण आकडा चुकला की कोठारात बुरशी धरते, आणि मग जांभया देणारेच आधी ओरडतात.

गटाच्या चिटणीसबाईंचा ह्या नऊ जणांवर फार जीव होता. दरवर्षी त्या एकाच पोत्यातलं धान्य नीट कालवून दहा बरण्यांत भरत. नऊ बरण्या नऊ प्रयोगशाळांना जात, दहावी कपाटात राही. उत्तरं आली की भिंतीवरच्या तक्त्यात टिंबांनी मांडली जात, पण नावानं नाही, नंबरानं. कोणता नंबर कोणाचा, ते फक्त बाईंच्या बंद पाकिटात. मोठ्याची भीड नको आणि धाकट्याची टिंगल नको, म्हणून ही पद्धत.

यंदा आठ टिंबं शहाण्या मुलांसारखी एका ओळीत बसली होती, अकरा पूर्णांक सात टक्क्यांच्या आसपास. सात नंबरचं टिंब मात्र वर, तेरा पूर्णांक दोनवर.

"मागच्या वर्षीही सात नंबर असाच भरकटला होता," अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हटला की त्यांना चेव चढे. "सलग दोनदा ओळीबाहेर, म्हणजे गटातून नारळ. पाकीट उघडा, बाई."

बाईंनी पाकिटावर हात ठेवला. सात नंबर म्हणजे मास्तर. तीन खुर्च्या पलीकडे बसून ते शांतपणे संत्रं सोलत होते. वजनाचा काटा कसा धरायचा, हे बाईंना ह्याच माणसानं शिकवलं होतं. आता वय चौऱ्याहत्तर, प्रयोगशाळा दोन खोल्यांची. काकू गेल्यापासून ह्या बैठकांखेरीज त्यांना कुठे जायला जागा नव्हती. वर्षातून दोनदा इस्त्रीचा सदरा घालून ते अर्धा तास आधी येऊन बसत. तेवढंही काढून घ्यायचं?

"पुढच्या बैठकीत उघडू," बाई म्हणाल्या. "दहावी बरणी आहे माझ्याकडे. एकदा मी स्वतः बघते."

"आठ जण एक सांगतायत, बाई."

"सांगू देत की. चिटणिसाला तेवढा हक्क आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी दहावी बरणी उघडली. बरण्यांसोबत जाणाऱ्या माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे दाणे तोलले, दोन तास ओव्हनमध्ये सुकवले, पुन्हा तोलले. अकरा पूर्णांक सात. म्हणजे मास्तर खरंच थकले. हात कापत असेल, डोळ्याला दिसत नसेल, आणि सांगायचं कोणी?

दाणे टाकून द्यायला त्यांनी ताटली उचलली आणि त्यांना पहिल्या नोकरीतला पहिला दिवस आठवला. अशीच ताटली, आणि मागून मास्तरांचा आवाज: "झालं म्हणून तू कोण सांगणार? दाण्याला विचार की!"

त्यांनी ताटली परत आत ठेवली. तासाभरानं वजन उतरलं होतं. पुन्हा ठेवली, पुन्हा उतरलं. दुपार टळल्यावर कुठे काटा जागचा हलेना. हिशेब केला तर तेरा पूर्णांक दोन.

बाई एकट्याच खोलीत मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी माहितीपत्रक ओढलं, आणि हसू मावळलं. 'दोन तास सुकवावे' हे वाक्य त्यांचंच होतं. आधी तिथे 'वजन स्थिरावेपर्यंत' असं होतं, पण त्यात दिवस जातो म्हणून सगळे कुरकुरत. तीन वर्षांपूर्वी बाईंनी बारीक धान्यावर करून दाखवलं की दोन तास पुरतात, आणि टाळ्याही घेतल्या. गेली दोन वर्षं मात्र बरण्यांत टपोरं कडधान्य जात होतं. आठ प्रयोगशाळांनी मुकाट्यानं पत्रक पाळलं, सगळ्या मिळून एकसारख्या चुकल्या, आणि एकमेकांची पाठ थोपटून मोकळ्या झाल्या.

पुढच्या बैठकीत बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. "आठ जण बरोबर नव्हते. आठ जण माझं ऐकत होते."

अध्यक्ष खाकरले. "जुनं वाक्य परत घाला. आणि इतिवृत्तात सात नंबरचे आभार नोंदवा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोण आहे हो हा?"

"ते पाकिटात आहे," बाई म्हणाल्या.

आभाराच्या ठरावाला नऊ हात वर झाले. मास्तरांचाही झाला, संत्र्याच्या सालीसकट.

बैठक संपल्यावर बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, वाक्य चुकलंय हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"मागच्या वर्षीच कळलं."

"मग एक फोन करायचा होतात! तुम्हाला काढायला निघाले होते. माझा जीव टांगणीला लागला होता इथे."

मास्तर पायरीवर टेकले. खिशातून दुसरं संत्रं काढून सोलू लागले. "फोन केला असता तर तू लगेच वाक्य बदललं असतंस. मी म्हणालो म्हणून. आठ जण तुझं ऐकतात, तसं तू माझं ऐकलं असतंस. त्यात दाण्याला कोणी विचारलं असतं?"

"आणि नसतंच सापडलं मला, तर?"

"तर काय," मास्तर म्हणाले, "मी शिकवण्यात कमी पडलो असं समजून घरी बसलो असतो."

त्यांनी अर्धं संत्रं बाईंच्या हातावर ठेवलं. बाईंना डोळे पुसायचे होते, पण हात भरलेला होता. त्या तशाच त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.