पुसलेली भिंत

गच्चीवरची टाकी तडकली होती आणि तिचं पाणी भिंतीतून झिरपत थेट शिवणवालीच्या नवऱ्याच्या उशाशी येत होतं. नवऱ्याचा उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला. छातीत पीठ आधीच बसलेलं, त्यात आता ही ओल. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "भिंत वाळवा, नाहीतर माणूस हलवा. नुसत्या औषधाने हे निभायचं नाही."

हलवायचा तरी कुठे? खोली सोडली की मालक कुलूप ठोकणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याला इमारत पाडायची होती. बाकीची बिऱ्हाडं कंटाळून निघून गेली होती. उरला होता तळमजल्यावरचा न्हावी, आणि वर ही दोघं.

मालक आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता, केसाने गळा कापणाऱ्यांतला होता. शिवणवाली टाकीची तक्रार घेऊन गेली तेव्हा त्याने चक्क हात जोडले. "ताई, तुम्ही सांगायचं आणि मी नाही म्हणायचं?" दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतला नळ बंद! टाकी त्याच्या गोदामासाठी भरतच राहिली. गळती होती तिथे राहिली, नळ तेवढा गेला. ती पुन्हा गेली, तर म्हणतो, "पाण्याचा त्रास होतो म्हणालात ना? कमी केला."

मग जिन्यातला दिवा गेला. पाठोपाठ दोन रिकामटेकडे जिन्यात पत्ते कुटत बसायला लागले. ती बादल्या घेऊन चढायला लागली की पाय आखडता घेतील तर शपथ.

"बाई, पाणी वाहून पार वाळलात की! खोली सोडा, अंग धरेल."

ती खाली मान घालून वर जायची. कुणाला उलटून बोलणं तिच्या जिभेला ठाऊकच नव्हतं.

न्हावी मात्र गप्प बसणारा नव्हता. "वहिनी, नगरपालिकेतली दोन माणसं माझ्या वस्तऱ्याखाली मान देतात. अर्ज पुढे सरकवतो," म्हणाला, आणि खरंच सरकवला. पुष्कळ खेटे झाले, आणि एकदाचा एका सकाळी तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"आज दुपारी तपासणीसाहेब येतायत! खोली राहण्याजोगी नाही असं त्यांनी लिहिलं की मालकाच्या बापालाही टाकी दुरुस्त करावी लागेल. चांगली आहे लिहिलं, तर मात्र विषय संपला. नीट दाखवा सगळं."

"दाखवते हो भाऊजी. वाट बघून डोळे दुखले."

न्हावी दुकानात गेला आणि तिने खोलीकडे पाहिलं. भिंतीवर छतापासून खाटेपर्यंत काळी-हिरवी बुरशी, पोपडे सुटलेले, वास तर नाकात शिरून बसणारा. परका माणूस येणार, तोही साहेब.

आधी तिने नुसते पोपडे झाडले. मग फडकं भिजवलं.

खाटेवरून नवरा म्हणाला, "अगं, राहू दे. तेच तर बघायला येतोय तो."

"भिंत बघू दे की. घाण कशाला बघायची? म्हणेल, बाईला हात हलवायचा कंटाळा."

"म्हणू दे."

"तुम्हाला काय जातंय म्हणू दे म्हणायला!"

आयुष्यभर तिने उशांचे अभ्रे शिवले, पडदे शिवले, शाळेचे गणवेश शिवले. उलट्या बाजूचा एक धागासुद्धा लोंबलेला तिला चालायचा नाही. गिऱ्हाईक कापड उलटून बघतं, तेव्हा शिवणाऱ्याची लाज तिथेच असते, असं ती म्हणायची. तोच हात आता भिंतीवर चालला. धुण्याचा सोडा घेऊन तिने खसाखसा घासलं. बुरशी निघाली, पण भिंत ओलीच्या ओली, आणि त्यावर फडक्याचे ओघळ. ते काही तिला बघवेना. तिने स्टूल ओढलं, भिंतीवर सुती कापड धरलं, इस्त्री तापवली आणि गणवेशावरून फिरवावी तशी ती भिंतीवरून फिरवत राहिली. वाफ निघाली, ओघळ गेले. खाटेवर धुतलेली चादर घातली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

साहेब मालकाबरोबरच आले. माणूस वाईट नव्हता. चप्पल दाराबाहेर काढून आत आले, चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "घर छान ठेवलंय हो तुम्ही."

आणि शिवणवालीला, देवाने क्षमा करावी, क्षणभर आनंदच झाला. "कसलं हो, आपलं जमेल तसं," ती म्हणाली.

साहेबांनी भिंतीवर तळवा टेकवला. हात कोरडा. "ओल कुठे आहे?"

"इथेच आहे साहेब, तुमच्या हाताखाली. आत्ता सकाळी मी पुसली. इस्त्री फिरवली वर."

"भिंतीला?"

मालक हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फडक्याने जाते तिला ओल म्हणायची का? ताई कष्टाळू आहेत, पण कुणीतरी त्यांचे कान भरलेत."

"दोन दिवसांनी या साहेब. परत येते ती. रोज येते."

"बाई, मला आज दिसतं तेच लिहावं लागतं."

खाटेवर नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. साहेबांनी वळून पाहिलं, तर मालक तत्परतेने म्हणाला, "गिरणीतला खोकला आहे तो, जुना. विचारा त्यांनाच."

नवऱ्याला नाही म्हणता आलं नाही. खोटं नव्हतंच ते.

खोली चांगली आहे असं लिहून साहेब गेले. संध्याकाळपर्यंत जिन्यात बातमी पोचली. "बाई, आमच्याही घरी भिंती आहेत, आणू का इस्त्रीला?" न्हावी वर आला, भिंत पाहिली आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्याने नवा अर्ज दिला.

नवऱ्याने तिला एका शब्दाने दुखवलं नाही. "दुसरं काय करणार होतीस तू," एवढंच म्हणाला. तेच तिला जास्त लागलं.

त्याला नणंदेकडे पोचवावं लागलं. नणंदेकडे एक खाट मावेल एवढीच जागा. खोली धरून ठेवायला ही एकटी मागे राहिली. कापडाला वास लागू नये म्हणून मशीन न्हाव्याच्या दुकानात कोपऱ्यात हलवलं. जेवायला-झोपायला तेवढी वर यायची. भिंत पुन्हा ओली झाली, मग हिरवी, मग काळी. पोपडे अंथरुणावर पडायचे. दोनदा तिचा हात आपोआप फडक्याकडे गेला. शेवटी तिने फडकी, सोडा आणि इस्त्रीसुद्धा खाली दुकानात नेऊन ठेवली. आता ती स्वतःही खोकायला लागली होती. जिन्यातले दोघे नाकावर रुमाल धरून म्हणायचे, "काय घाण बाई आहे!" ती ऐकायची आणि पुढे जायची.

नणंदेचा फोन आला. दादाला दवाखान्यात ठेवलंय, बोलायचं म्हणतोय.

"भिंत कशी आहे?" नवऱ्याने विचारलं. आवाज इतका बारीक की तिने दुसरा कान बोटाने बंद केला.

"चांगली काळी झालीय हो. खिडकीपर्यंत आलीय."

"साहेब?"

"येतील. भाऊजी रोज विचारून येतात. तुम्ही काळजी करू नका."

"हात लावू नकोस या वेळी."

"नाही लावत."

पलीकडे खोकला सुरू झाला. थांबेल म्हणून ती फोन कानाला धरून भिंतीसमोर उभी राहिली. तो थांबत नव्हता.