खुर्चीच्या खिशातलं पाकीट

मी एक घडीची खुर्ची बोलतेय. ॲल्युमिनियमचे पाय, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची बैठक आणि डाव्या हाताला जाड कापडाचा एक खिसा. कारखान्यातून निघाले तेव्हा खिसा नव्हता. तो माझ्या मालकिणीने, वर्नाने शिवला, नवऱ्याच्या, हॉलिसच्या जुन्या विजारीचा पाय कापून, उकडलेल्या शेंगा ठेवायला. माझ्या आयुष्यात जे वाईट झालं ते त्या खिशात झालं.

हॉलिस आणि वर्ना टिडवेल दोघेही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या आमच्या गावच्या सूतगिरणीत कामाला. लग्नाच्या विसाव्या वर्षी त्यांनी मला आणलं. तेव्हापासून हंगामात गावात सामना असेल त्या दर शनिवारी मी त्यांच्या ट्रकमध्ये चढले आणि कॉलेजच्या फुटबॉल मैदानाबाहेर उतरले. सामन्याआधी तिथे ट्रकांच्या मागे पंगत बसते: तळलेली कोंबडी, गोड थंड चहा आणि शेजाऱ्यांची टिंगल. या माणसांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही, पण कुठल्या साली कुठल्या पोराच्या हातून चेंडू निसटला (आमच्याकडचा फुटबॉल हातांनीच खेळतात) ते तोंडपाठ.

हॉलिस माणूस सरळ, पण सामना म्हटलं की शकुन-अपशकुनाचं भलतं खूळ. हंगाम संपेपर्यंत टोपी धुवायची नाही. मला ट्रकच्या उजवीकडेच मांडायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, हातातला सामना संपेपर्यंत पुढच्याचं नाव काढायचं नाही. काढलं की हरलोच. गावात सगळेच थोडेफार असे, पण हा सगळ्यांवर ताण.

त्या साली आमचा संघ उपांत्य फेरीला पोचला, चोवीस वर्षांनी पहिल्यांदा. आणि त्याच साली वर्नाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने तिची फुप्फुसं पार निकामी केली होती. डॉक्टरांनी हॉलिसला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा हंगाम काही दिसत नाही. वर्नाला कोणी सांगितलं नाही, पण तिला काय कळत नव्हतं?

उपांत्य सामन्याच्या आठवड्यात कॉलेजचा अर्ज आला. अंतिम सामन्याची तिकिटं हवी असतील तर अर्ज शुक्रवारपर्यंत पोचवा, संघ हरलाच तर पैसे परत. वर्नाने सोमवारीच अर्ज भरून पाकिटात घातला, वर टपालाचं तिकीट चिकटवलं. पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'दोन जागा, सगळ्यात खालच्या रांगेत. मला पायऱ्या चढवत नाहीत.'

"हॉलिस, आजच टाक हं पोस्टात."

"टाकतो गं. मी काय लहान आहे?"

हॉलिस पाकीट घेऊन बाहेर आला. ट्रकपाशी थबकला. शनिवारचा सामना अजून व्हायचा होता, आणि हातात अंतिम सामन्याचा अर्ज. तो म्हणाला, "नाही बुवा. आत्ता टाकलं तर हरू आणि तिच्यासाठी सगळंच संपेल." त्याने पाकीट माझ्या खिशात सरकवलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी गराजमध्ये भिंतीला टेकून उभी. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अरे गाढवा, तारीख बघ. पण खुर्चीला कुठलं तोंड? आपल्या मुकेपणाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

शनिवारचा सामना परगावी होता, हॉलिसने तो गराजमध्ये रेडिओवर ऐकला, आणि आम्ही जिंकलो. हॉलिस लहान पोरासारखा नाचला. "बघितलंस? पाकीट टाकलं नाही म्हणून जिंकलो," हे तो मला म्हणाला, वर्नाला नाही.

सोमवारी उरलीसुरली तिकिटं खिडकीवर मिळणार होती. सकाळी रांगेत हॉलिसने मला मांडलं आणि कॉफी आणायला गेला. आमच्याकडे रिकाम्या खुर्चीचाही नंबर मानतात, कोणी हात लावत नाही. तो परतल्यावर शेजारचा ब्यूफर्ड म्हणाला, "काय हॉलिस, खुर्चीच बघणार वाटतं मॅच?" सगळे हसले, हॉलिसही हसला.

आमच्यापुढे अकरा माणसं होती तेव्हा तिकिटं संपली आणि खिडकी बंद झाली. हॉलिस पुढे गेला, खिशातलं पाकीट काढून काचेला लावलं.

"आजोबा, हे शुक्रवारी यायला हवं होतं," आतली मुलगी म्हणाली.

"बायको आजारी आहे हो माझी."

"खालच्या रांगेतल्या जागा शुक्रवारी शेवटपर्यंत शिल्लक होत्या. कोणी मागितल्याच नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिकीट काही आलं नाही.

घरी हॉलिसने वर्नाला सांगितलं, "चिठ्ठ्या काढल्या म्हणे. आपलं नाव नाही निघालं." ती म्हणाली, "असू दे." पाकीट तसंच माझ्या खिशात राहिलं. ते जाळायचंही त्याला धैर्य झालं नाही.

अंतिम सामना त्यांनी टीव्हीवर पाहिला. वर्ना म्हणाली, सामना मी माझ्याच खुर्चीत बसून बघणार, म्हणून मला बैठकीच्या खोलीत मांडलं. हॉलिसला पाकिटाचं भानच राहिलं नाही. मध्यंतरात तो चहा आणायला स्वयंपाकघरात गेला आणि वर्नाने शेंगांसाठी माझ्या खिशात हात घातला.

पाकीट बाहेर आलं. तिने स्वतःचं अक्षर पाहिलं. स्वतः चिकटवलेलं टपालाचं तिकीट पाहिलं, त्यावर पोस्टाचा शिक्का नव्हता. तिने त्या कोऱ्या तिकिटावरून अंगठा फिरवला. मग तिने पाकीट परत खिशात घातलं, अगदी तळाशी, आणि वर टरफलं सारली.

"काय शोधतेयस?" हॉलिस आला.

"शेंगा. संपल्या वाटतं."

आम्ही तीन गुणांनी हरलो. वर्ना त्याला म्हणाली, "बरं झालं, नाव निघालं नाही ते. त्या थंडीत मला झेपलं नसतं." हॉलिसने टीव्ही बंद केला. फेब्रुवारीत ती गेली.

आता माझ्या दोन पट्ट्या तुटल्या आहेत, एक पाय वाकलाय. हॉलिस मैदानावर जात नाही. शनिवारी मला गराजच्या दारात मांडतो, ट्रकच्या उजवीकडे, आणि नुसता बसतो. परवा ब्यूफर्ड आला तेव्हा हॉलिसने इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"पाकीट मीच नाही टाकलं रे. एवढंच बरं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. नाहीतर मी जगलोच नसतो."

मी मुकी आहे ते बरंच आहे. तुम्ही मात्र बोलती माणसं. कधी हॉलिस टिडवेल भेटला तर पाया पडते, त्याला काही सांगू नका.