पांढरी माती पाणी सोसत नाही

हावगेप्पा मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही माती म्हंजे मुडदा हाय. मारल्याबिगर उठत न्हाई." आणि चिनी मातीचा भलामोठा गोळा त्यांनी डोक्यावर उचलून फरशीवर आपटला. गोदामाचा पत्रा थरथरला.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. राजेश्वर गावाच्या अलीकडं एका रिकाम्या गोदामात सरकारनं चिनी मातीचे कप करायचं शिकवणी केंद्र काढलं. मास्तर भालकीकडचे, एका कपबशीच्या कारखान्यात हात भाजून आलेले. मी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घणाची सवय असलेली मनगटं बघून त्यांनी मला घेतलं. शिकणाऱ्यांपैकी ज्याचे कप भट्टीतून नीट निघतील त्या एकालाच कायम ठेवणार होते. बाकीच्यांनी आपापल्या वाटेनं जायचं. माझी वाट खडीकडं जात होती, आणि तिकडं मला परत जायचं नव्हतं.

शिकणाऱ्यांतला काशप्पा खटकचिंचोळीचा कुंभार. बापजाद्यांपासून चाकावर बसलेला. तो चाकाला डोकं टेकवायचा आणि मगच बसायचा. पहिल्या दिवशी मला शेजारच्या चाकावर बसलेली बघून तो उठून उभा राहिला.

"मास्तर, आमच्या घरच्या बाया सुदीक चाकाला शिवत न्हाईत. आन् ही कोण, तर खालच्या आळीची!"

आमच्या घरानं धम्म घेतल्याला बरीच वर्षं झाली होती. काशप्पाच्या तोंडातून आमच्या जातीचं जुनं नाव काही गेलं नव्हतं. तेही त्यानं घेतलं.

"बघवत नसंल तर डोळं झाक," मी म्हणाले. "चाक मला बघून काय लाजंना."

त्यानं ओल्या मातीचा गोळा फेकून मारला. तो माझ्या कानावर बसला. दोन दिवस त्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी दोघांनाही शिव्या घातल्या आणि माती वाया घालवली म्हणून काशप्पाला जास्त घातल्या.

पांढरी माती लाल मातीसारखी नसते. लाल मातीला चाकावर पाणी पाजत राहायचं असतं, ती पिते आणि वर चढते. पांढरी पाणी प्याली की पाय गाळून बसते. मास्तर घसा फोडून सांगायचे, "हात ओला कर, माती न्हाई." मला लाल मातीची सवयच नव्हती, म्हणून मी सांगतील तसं करत गेले. माझेही कप फाटायचे, तिरपे व्हायचे. मास्तर येऊन माझा चांगला कपही तारेनं उभा चिरायचे, आतून भिंत जाड आहे का बघायला. हळूहळू कप उभे राहू लागले.

काशप्पाचा हात मात्र त्याच्या बापाचा होता. गोळा मधोमध आणणं त्याला एका दाबात जमायचं. ते बघून मला हेवा वाटायचा. पण मग त्याचा डावा हात आपोआप पाण्याच्या कुंड्यात जायचा. भिंत वर यायची, क्षणभर थांबायची आणि गुडघ्यात मोडल्यासारखी खाली बसायची. रोज असंच. तो मुठीनं तो चिखल ठेचायचा. जातिवंत कुंभाराचं भांडं बसतंय आणि माझं उभं राहतंय, याचा त्याला एकच अर्थ लागला.

"करनी हाय ही," तो म्हणाला. "चाकाला शिवली, आन् माझ्या मातीला काय तरी केली."

बाजाराच्या दिवशी तो धाकट्या भावाला, बसवंतप्पाला, आणि बाजारातल्या माणसांना गोळा करून घेऊन आला. मी नुकताच केलेला कप चाकावरून कापत होते. कापायची तार माझ्या हातात होती, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधलेली.

"बाहीर काढा हिला!" बसवंतप्पा ओरडला. मास्तर मधे आले, तर त्यांना भिंतीवर ढकललं. एकानं त्यांचा गळा धरून ठेवला. काशप्पाच्या हातात मडकी ठोकायचं लाकडी चोपणं होतं. त्यानं आधी माझी फळी फोडली. वाळत ठेवलेले सगळे कप खाली पडून पीठ झाले. मग चोपणं माझ्या खांद्यावर बसलं, मग तोंडावर. दात तुटून जिभेवर आला. मी पडले. तो लाथा घालू लागला.

"बोल, काय केलीस? कामून बसायलंय माझं भांडं? बोल!"

लाथ मारताना त्याचा पाय चिखलावरून घसरला आणि तो गुडघ्यावर आला. मी उठले, मागून त्याच्या गळ्यात तार टाकली आणि दोन्ही लाकडं आवळली.

सगळं गोदाम थांबलं.

"कोण पुढं आलं तर याचं मुंडकं खाली पडंल," मी म्हणाले. तोंडातून रक्त येत होतं, त्यामुळं शब्द नीट निघत नव्हते. पण त्यांना कळले. मास्तरांचा गळा सुटला.

"बस चाकावर," मी काशप्पाला म्हणाले.

"सरुबाई, सोड..." मास्तर म्हणाले.

"न्हाई सोडत. इचारतोय न्हवं, का बसायलंय म्हून? दावते."

तो बसला. मी त्याच्या मागं उभी होते. मी पायानं पाण्याचं कुंडं लवंडलं.

"घे गोळा. मार पाय."

चाक फिरलं. गोळा एका दाबात मधोमध आला. डावा हात सवयीनं कुंड्याकडं गेला. मी तार आवळली. कातडी फाटली आणि रक्ताचा थेंब पांढऱ्या मातीवर पडला. चाकाबरोबर त्याची लाल रेघ वर वर गुंडाळत गेली.

"हाताला ओल हाय तेवढी पुरं. आता उचल. पाणी न पाजता उचल."

भिंत वर आली. वीतभर झाली. त्यानं हात काढले आणि डोळे मिटून घेतले, बसणार म्हणून. ती बसली नाही.

"उभं राह्यलं की रं," बसवंतप्पा म्हणाला.

मी तार सोडली. तो उलटून मारेल म्हणून मी भिंतीला पाठ लावली. काशप्पा हलला नाही. गळ्यातून रक्त सदऱ्यावर उतरत होतं आणि तो त्या भांड्याकडं बघत होता.

"अण्णा, ऊठ, दवाखान्यात चल," बसवंतप्पा म्हणाला. "आन् मास्तर, हिला आजच काढायचं. आमच्या मानसाचा गळा कापलीय."

मास्तर गळा चोळत पुढं आले. "तिचं तोंड कोण फोडलं? चौकीवर जायचं तर दोगांचंबी सांगतो. करनी असती तर ह्ये उभं राह्यलं नसतं. सरुबाई चाक सोडायची न्हाई. निघा."

माणसं एकेक करून बाजाराकडं गेली. बसवंतप्पा दारापाशी थांबला, थुंकला आणि गेला.

मी दात पदराच्या टोकाला बांधला आणि नवा गोळा घेऊन आपटायला बसले. एक हात वर जात नव्हता. फुटलेल्या कपांच्या जागी नवे करायचे होते.

"ए बाई," काशप्पा मागं न बघता म्हणाला. "तार दे. भांडं कापायचंय."

"तुझी तू आण," मी म्हणाले, आणि तार मांडीखाली घेऊन बसले.